हक्कसोड आणि माघारी येण्याची वाट
(आळेफाटा येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

आळेफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागले की वाटेत जुन्नर तालुक्यातले ओतूर लागते. १८८०च्या दशकात या ओतुरात लग्नावरून एक दावा उभा राहिला आणि तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजीला न बोलावता लग्न लावले. आपल्या हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून गावचे जोशी कोर्टात गेले. वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील या नावाने १८८९चा तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत आजही सापडतो. भांडण दक्षिणेचे होते. पण ज्या लग्नपद्धतीपायी ते पेटले, तिच्यात त्याहून मोठी गोष्ट होती. जोतीराव फुल्यांनी या लग्नांसाठी जी मंगलाष्टके रचली, त्यांत नवरी मान खाली घालून उभी राहत नाही. ती बोलते. बायकांना स्वातंत्र्य कसे नाही हे ती नवऱ्या मुलाला मांडवात सांगते, आणि तिचे हक्क पाळण्याची शपथ त्याला सगळ्यांच्या देखत घ्यावी लागते.

म्हणजे लग्न कुणी ठरवायचे, कसे लावायचे आणि त्यानंतर बाईच्या वाट्याला काय यायचे, हा वाद जुन्नर तालुक्याला नवा नाही.

आता याच पट्ट्यात सोयरीक कशी जमते ते पाहावे. बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. मग चौकशी सुरू होते. जमीन किती, त्यात बागायत किती, कुकडीचे पाणी येते का, विहीर उन्हाळ्यात टिकते का, भाऊ किती, म्हणजे वाटणीला किती येणार? मुलगा चाकणच्या कंपनीत असेल तर कायम आहे की कंत्राटी? भोसरीत फ्लॅट असेल तर हप्ते किती राहिले? मुलीचे काका सातबारा ऑनलाइन काढून बघतात, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का ते तपासतात. मुलाकडचे मुलीचे शिक्षण विचारतात, रंग बघतात, मामाच्या घराण्याचा माग काढतात. मग कांदेपोहे, बैठक, याद्या, मानपान, बस्ता. दोन्हीकडचे जाणते लोक यात महिने घालवतात, आणि ते मनापासून घालवतात. लेकीचे चांगले व्हावे हीच सगळ्यांची इच्छा असते.

एवढ्या चौकशीत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मुलाच्या मनाविरुद्ध झाले की तो काय करतो? त्याच्या घरात बायकांवर हात उगारला जातो का? वडिलांनी आईला मारताना पाहत जी मुले मोठी होतात, त्यांच्यात पुढे बायकोला मारण्याचे प्रमाण जास्त असते, हे देशोदेशींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ही माहिती मिळवणे अवघड नसते. ज्या भावकीतून कर्जाचा आकडा कळतो, त्याच भावकीला भिंतीपलीकडचा आवाजही ऐकू येत असतो. पण तो प्रश्न विचारणे वाईट दिसते, म्हणून विचारला जात नाही.

हा प्रश्न किती घरांचा आहे? २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. देशाचा आकडा २९.३ टक्के होता. आधीच्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा २१.३ होता, म्हणजे तो खाली आलेला नाही. यातला चिंतेचा भाग पुढेच आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी चौघींमधल्या तिघींहून अधिक जणींनी कुणाकडे मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलेही नव्हते. पाहणी करणारी अनोळखी बाई दारात आली, तिने एकांतात विचारले, तेव्हा या बोलल्या. घरच्यांनी विचारले असते तर?

यावर गावात दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, हे सगळे प्रेमविवाहाने होते, पोरींनी आपल्या मनाने केले की असेच व्हायचे. दुसरे म्हणते, ठरवून दिलेल्या लग्नात मुलीला बळीच दिले जाते, तिच्या मनाने होऊ द्या म्हणजे सुखी होईल. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांनी बायकांचे जीव धोक्यात घातले आहेत.

मंजुश्री सारडा बीडची. फेब्रुवारी १९८२ मध्ये तिचे लग्न झाले. रीतसर ठरवलेले, शिकलेल्या, सुस्थितीतल्या पुण्याच्या घरात. जूनमध्ये ती गेली. मधल्या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत वाचली गेली. तिच्या मनाची तगमग त्यांत होती. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवऱ्याची निर्दोष मुक्तता केली, आणि परिस्थितिजन्य पुराव्याचे कोणते पाच निकष पुरे व्हायला हवेत हे त्या निकालात सांगितले. वकिलांना तो निकाल त्या पाच निकषांसाठी पाठ असतो. पुण्यातल्या बायकांनी त्यातली पत्रे लक्षात ठेवली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचातर्फे ‘मी एक मंजुश्री’ नावाचे प्रदर्शन काढले, कारण तिच्यासारखे लिहिणाऱ्या, किंवा लिहूही न शकणाऱ्या, किती जणी असतील हे त्यांना दिसत होते. १९८३च्या अखेरीस ४९८-अ हे कलम आले, त्यामागे देशभरातल्या अशा मृत्यूंवरून उठलेला आवाज होता.

आता दुसरी बाजू. वसईची श्रद्धा वालकर. तिने आपला जोडीदार आपण निवडला. धर्म वेगळा म्हणून घरच्यांचा विरोध होता. ती घर सोडून गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तो मारतो, त्याने जीव घ्यायचा प्रयत्न केला, तुकडे करून टाकीन अशी धमकी देतो, असे तिने तीत स्पष्ट लिहिले होते. महिन्याच्या आत तिने तक्रार मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. ती कुठे आहे याची काळजी वडिलांपर्यंत पोहोचायला सप्टेंबर उजाडला, तीही तिच्या मित्राकडून. खटला चालू आहे, त्याचा निकाल कोर्ट देईल. पण तिच्या तक्रारीतला शब्दन् शब्द तिच्या हयातीत सरकारी कागदावर होता.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने यावर काय केले? आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी समन्वय समिती नेमली. हा उपाय रोगाच्या जागी लावलेला नाही, हे ठामपणे म्हणायला हवे. श्रद्धाच्या तक्रारीत मार होता, धमकी होती, गुदमरवून मारण्याचा प्रयत्न होता. तिथे जोडीदाराचा धर्म बघायचा की तक्रार मागे घेणारी बाई पुन्हा त्याच घरात का जाते, हे बघायचे?

आणि वैष्णवी हगवणे. आपल्याच जिल्ह्यातली. १६ मे २०२५ रोजी मुळशी तालुक्यातल्या भुकूमला तिचा मृत्यू झाला. लग्न २०२३चे, प्रेमातून जमलेले, पण माहेरच्यांनी मान्य करून थाटात लावून दिलेले. ५१ तोळे सोने, चांदी, फॉर्च्युनर गाडी दिल्याचे माहेरच्यांनी सांगितले. हुंड्यासाठी छळ केल्याच्या आरोपावरून नवऱ्याला आणि सासरच्यांना अटक झाली. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने आधी तक्रार केलेली होती. म्हणजे इथे लग्नाला माहेरची संमती होती, देण्याघेण्यात काही कमी नव्हते, आणि त्या घराबद्दलची तक्रार कागदावर होती.

नवरा शिकलेला, सुधारक असला की प्रश्न मिटतो, असाही समज आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या गोपाळरावांच्या हट्टामुळे, हे सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेतून त्यांनी गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात मात्र दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार आहे, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या आहेत, टाकून जाण्याच्या धमक्या आहेत. ज्याने शिकवले त्यानेच मारले. लेकरू होत्या त्या.

तेव्हा निवड कुणाची, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी इथे उपयोगाचा नाही. मुलीला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे, तो सुख मिळण्याच्या हमीवर अवलंबून नाही. चुकीची निवड करण्याचाही तिला तेवढाच हक्क आहे, जेवढा तिच्या वडिलांना चुकीचे स्थळ पाहण्याचा. हिंसा कळायची तर ती कशाने चालते हे पाहावे लागते.

‘राग आला की त्याला भान राहत नाही’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. पण हाच माणूस साहेबावर हात उचलत नाही, पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यावर उचलत नाही. त्याला भान असते. मार हा त्यातला दिसणारा भाग आहे. त्याच्या आधी आणि भोवती ताबा असतो. फोन कुणाचा आला, दाखव. पासवर्ड सांग. बहिणीकडे इतक्या वेळा कशाला जायचे? ती मैत्रीण चांगली नाही. नोकरी कशाला हवी, मी कमी पडतो का? साखरपुडा ते लग्न या दिवसांत हेच बोलणे मुलीला काळजीसारखे वाटते, ‘किती जीव लावतो’ असे वाटते. अमेरिकेतले अभ्यासक इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि मारहाणीइतकेच हे जखडून ठेवणे मोजा असे सांगितले. २०१५ मध्ये इंग्लंडने त्याला स्वतंत्र गुन्हा ठरवले. आपल्या २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यातही शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसा आहेच.

आर्थिक हिंसा म्हणजे काय, हे या भागात सांगायला लांब जावे लागत नाही. पहाटे गोठ्यात शेण काढते ती, धार काढते ती, वैरण कापते ती. डेअरीवर खाते त्याच्या नावावर. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल त्याच्या खात्यात जमा होते, आणि मुलीच्या वहीसाठी पन्नास रुपये मागताना तिला हिशेब द्यावा लागतो. कांद्याची लागवड, टोमॅटोची तोडणी, सगळीकडे तिचे हात. नारायणगावच्या मार्केटला पट्टी त्याच्या नावाने फाटते. प्रत्येक घरी हा छळच असतो असे नाही. पण छळ करायचा असेल तर त्याला सगळी सोय आधीच करून ठेवलेली असते.

एक गोष्ट इथे बसलेल्या प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. नवऱ्याने गळा दाबला असे मुलगी एकदा जरी म्हणाली, तरी ते ‘थोडे भांडण’ नव्हे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी गळा दाबला गेला होता अशा बायकांचा पुढे त्याच जोडीदाराकडून खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक आढळला. बऱ्याचदा गळ्यावर वळ उठत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट: बाई घर सोडायला निघते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कारण तेव्हा त्याचा ताबा सुटत असतो. म्हणून ‘निघून ये’ एवढे फोनवर सांगून भागत नाही. कोण घ्यायला जाणार, मुलांचे जन्मदाखले, आधार, पासबुक कुणाकडे आधीच ठेवायचे, रात्री कुठे जायचे, हे ठरवूनच निघावे लागते. १८१ आणि ११२ हे नंबर तिला पाठ असावेत.

आणि निघाली, तर जायचे कुठे?

या व्याख्यानाचा सगळा मुद्दा या प्रश्नावर येऊन थांबतो. आपल्या मनाने लग्न केलेली मुलगी बहुधा आळंदीला जाते. तिथल्या एखाद्या कार्यालयात लग्न लागते, फोटो निघतात, मग जोडपे पोलिस ठाण्यात हजर होते. दोन्हीकडचे येतात. ‘कुणाबरोबर जायचे?’ असे विचारले जाते, ती नवऱ्याचे नाव घेते, आणि ठाण्याच्या आवारातच बाप म्हणतो, आजपासून तू आम्हाला मेलीस. त्याचे दुःख खरे असते. पण हे वाक्य जावयाच्याही कानावर पडते. तो मारणारा निघाला, तर त्याला त्याच दिवशी कळलेले असते की हिला मागे कुणी नाही.

ठरवून दिलेल्या लग्नात असे तोडून बोलत नाहीत. तिथे दार लोटायची रीत वेगळी आहे. लेक रडत आली की चार दिवस ठेवून घेतात, मग दोन मामा आणि एक काका मिळून तिला नांदायला सोडून येतात. ‘मिटवून घेतले’ असे घरी सांगतात. धाकटीचे लग्न व्हायचे असते, भावजय घरात आलेली असते, लोक काय म्हणतील हे तर असतेच. पोलिसांत गेले तर एनसी लिहून घेतात आणि समजुतीने घ्या म्हणतात. दुसऱ्यांदा ती येत नाही. फोनही करत नाही.

या दाराला कडी घालणाऱ्या कागदावर मात्र बऱ्याच आधी किंवा नंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही होते. त्याचे नाव हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, देशाने २००५ मध्ये दिला, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये त्यातल्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. तरी वडील गेले की बहिणींना गाडीने आणतात, साडीचोळी करतात आणि भावाच्या नावे हक्क सोडल्याच्या सह्या घेतात. हायवेने आणि बायपासने जमिनीचे भाव चढले, तसे हे काम अधिक तातडीने होऊ लागले. सही का करतेस, असे बहिणीला विचारले तर ती सांगते, माहेर तुटायला नको. ज्या माहेरासाठी ती हक्क सोडते, त्या माहेरात त्या सहीनंतर ती पाहुणी होते. उद्या दोन लेकरे घेऊन यावे लागले, तर भावाच्या मर्जीवर यावे लागणार.

याचा हिंसेशी संबंध आहे का? आहे, आणि तो मोजलेला आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर जमीन नव्हती, घरही नव्हते, त्यांच्यातल्या ४९ टक्के जणींना नवऱ्याने मारले होते. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्या बायकांत हे प्रमाण ७ टक्के होते. शिक्षण, नोकरी, उत्पन्न या गोष्टी हिशेबात धरूनही मिळकतीचा परिणाम पुसला गेला नाही. कारण उघड आहे. जिला जायला जागा आहे, तिच्यावर हात टाकताना माणूस विचार करतो. आणि तरी टाकला, तर ती उठून जाऊ शकते.

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. शेजारच्या चाकणला कांद्याचे आंदोलन उभे करणाऱ्या शरद जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन भरवले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा. गावात शंभर जणांनी केले की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. कांद्याला भाव मागणाऱ्या पुरुषांना त्यांनी विचारले की घरातल्या बाईच्या घामाला तुम्ही काय भाव दिलात. पुढे सरकारनेही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना काढली. ती अजून आहे. किती जणांनी वापरली, हे प्रत्येकाने आपला सातबारा काढून पाहावे.

माहेर आणि जमीन दोन्ही नसले, तरी कायदा एक गोष्ट देतो, ती फार थोड्या बायकांना सांगितली जाते. २००५च्या कायद्याने बाईला नवऱ्याबरोबर राहत असलेल्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्याच्या नावावरचे घरही त्यात येऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला मारहाणीपासून रोखणारा आदेश देऊ शकतो, वेळ पडली तर त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतो, खर्च द्यायला लावू शकतो. आदेश मोडला तर वर्षभराची कैद होऊ शकते. लग्नाची नोंद नसलेली, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाईही अर्ज करू शकते. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे जुन्नर-घोडेगावच्या कोर्टात चकरा मारणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागावा लागतो. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असले तरी.

उलट बाजूने नवऱ्याच्या वकिलाची नोटीस येते ती ‘नांदायला या’ अशी. हिंदू विवाह कायद्याचे कलम ९. या नोटिशीचा इतिहास मुंबईतच घडला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

रखमाबाईंचे धैर्य थोर होते, त्यात शंका नाही. पण त्यांच्यामागे आई जयंतीबाई होत्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. खटल्याआधी आणि खटल्यात त्या याच घरात राहत होत्या. सखाराम अर्जुन खटला चालू असतानाच १८८५ मध्ये वारले, तरी ते घर बंद झाले नाही. ‘जाऊन नांद’ असे तिथे कुणी म्हटले नाही. तसे म्हटले गेले असते, तर रखमाबाईंच्या खटल्याची फाइल दोन पानांत संपली असती.

तुळशीचे लग्न लागले की या भागात पुन्हा बैठका सुरू होतील. सातबारा पाहण्याआधी मुलाच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसता येईल. हुंड्यात घालायच्या पैशाची गुंठाभर जागा मुलीच्या नावे घेता येईल, आणि ती तिच्याच नावे ठेवता येईल. आळंदीहून परत आलेल्या लेकीला, रागावलेले असतानाही, एक फोन करून सांगता येईल की रात्री-अपरात्री आलीस तरी तुझी खोली आहे. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायला निघालेल्या भावाने, कागद तयार करण्याआधी, तिच्या नवऱ्याच्या घरी एकदा चार तास थांबून यावे, आणि तिच्याशी एकटीशी बोलावे.